व्यायलेली गाय आणि हर्बल पुडी: काम नेमकं कुणी केलं?

हिंजवडीत रोज कामाला येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की इथे आता फक्त काचेच्या इमारती उरल्यात. तसं नाहीये. आयटी पार्कच्या मागच्या बाजूने माण गावात शिरा, किंवा नेरे, जांबे, कासारसाईकडे जा. दोन गाई, चार गाई असे गोठे अजून दिसतात. पण चराऊ रान कमी झालंय आणि चारा, पेंड विकत आणावी लागते. गोठा छोटा झाला की एकेका गाईची किंमत वाढते. दोनच गाई असतील आणि त्यातली एक व्यायल्यावर बसली, तर घरातलं निम्मं दूध गेलं.

म्हणूनच गाय व्यायला आली की घरात धावपळ सुरू होते. कुणी बाजरी शिजवून गूळ घालतं, कुणी मेथी-हळीव देतं, कुणी बांबूचा पाला आणतं. शिवाय पशुखाद्याच्या दुकानात पुड्या आणि बाटल्या असतातच. त्यांच्यावर शतावरी, जीवंती, मेथी अशी नावं लिहिलेली असतात आणि खाली "वार पडते, दूध वाढतं, ताकद येते" असे दावे. माझा अभ्यास जनावरांच्या आहाराचा असल्यामुळे मला हमखास विचारलं जातं, "हे देऊ का? उपयोग होतो का?"

एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. वाचून झाल्यावर कोणतीही पुडी हातात आली तरी तिला काय विचारायचं, हे तुम्हाला कळावं एवढाच हेतू आहे.

त्या सहा आठवड्यांत काय होतं?

व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे, या काळाला आमच्या विषयात संक्रमण काळ म्हणतात. गाईला होणारे बरेचसे गंभीर आजार याच सहा आठवड्यांत गाठतात. त्याचं कारण साधं आहे. गरज एकदम वाढते आणि नेमकं तेव्हाच खाणं कमी होतं. व्यायच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत गाईचं खाणं साधारण तीस टक्क्यांपर्यंत घटू शकतं.

आता कॅल्शियमचा हिशोब बघा. मोठ्या गाईच्या रक्तात एका वेळी फक्त तीन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम फिरत असतं. दहा लिटर चिकात मात्र साधारण २३ ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. म्हणजे रक्तात जेवढं आहे त्याच्या सात-आठ पट, एका दिवसात! हे कॅल्शियम हाडांतून आणि आतड्यांतून पटापट यावं लागतं. ते वेळेवर आलं नाही की स्नायू ढिले पडतात, कान गार लागतात, गाय मान कुशीकडे वळवून बसते. यालाच आपण मिल्क फिव्हर किंवा दुग्धज्वर म्हणतो. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट गार पडतं. तिसऱ्या वेतापासून पुढच्या आणि जास्त दूध देणाऱ्या गाईंना याचा धोका जास्त.

दुसरा हिशोब ऊर्जेचा. दूध सुरू झालं, पण पोटात तेवढं जात नाही. मग गाय अंगावरची चरबी वितळवते. ही चरबी यकृतात जाते. तिथे ती पूर्ण जळली नाही तर किटोन नावाचे पदार्थ तयार होतात आणि तोंडाला, लघवीला, दुधाला गोडसर वास येतो. हा किटोसिस. बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही, गाय फक्त खुराक सोडते आणि दूध चढत नाही. रक्तातला बीएचबी नावाचा किटोन लिटरला १.२ मिलीमोलच्या वर गेला तर आम्ही तिला छुपा किटोसिस आहे असं धरतो.

तिसरी गोष्ट वार अडकण्याची. वार सुटायला गाईच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींचं काम लागतं. कॅल्शियम आणि ऊर्जा कमी पडली की या पेशीही मंदावतात. म्हणजे हे तिन्ही त्रास एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून "आमची पुडी सगळ्यावर चालते" हा दावा खरा वाटायला सोपा जातो.

गाईचं पोट आपल्यासारखं नाही

शतावरी, मेथी, हळीव, बाळंतशेपा ही नावं आपल्याला घरातल्या बाळंतिणीमुळे माहीत आहेत. तेच गाईला द्यावं हा विचार स्वाभाविक आहे. पण इथे एक मोठा फरक आहे. आपण खाल्लेलं थेट जठरात जातं. गाईने खाल्लेलं आधी कोटीपोटात, म्हणजे रुमेनमध्ये जातं. शंभर लिटरहून मोठी ही टाकी. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात. पुडीतली वनस्पती गाईला मिळण्याआधी त्यांच्या हाती लागते. मग तीन गोष्टी होऊ शकतात.

एक, ते तो घटक मोडून टाकतात. कोलीन हे पोषकद्रव्य याचं उत्तम उदाहरण. यकृतातली चरबी बाहेर काढायला ते मदत करतं, पण गाईला नुसतं चारलं तर जवळजवळ सगळं कोटीपोटातच संपतं. म्हणून ते चरबीचं आवरण चढवून द्यावं लागतं. शतावरीतल्या सॅपोनिनचं, मेथीतल्या डायोसजेनिनचं कोटीपोटात काय होतं, हा प्रश्नही असाच विचारायला हवा.

दोन, ते घटकाला भलतंच काहीतरी करून ठेवतात. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. १९४६ साली यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्या गवतात फॉर्मोनोनेटिन नावाचा घटक असतो. मेंढीच्या कोटीपोटात त्याचं इक्वॉल बनतं आणि ते मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. गवत नैसर्गिकच होतं की! नुकसान झालं ते पोटात झालेल्या बदलामुळे.

तीन, ते घटक निरुपद्रवी करतात, पण सगळीकडे नाही. सुबाभूळ घ्या. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या बायफ संस्थेने महाराष्ट्रात या झाडाचा मोठा प्रसार केला. सुबाभळीत मिमोसिन नावाचा विषारी घटक असतो. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ जास्त खाणाऱ्या जनावरांना त्रास व्हायचा, केस गळायचे. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला आरामात खायच्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की हवाईतल्या जनावरांच्या कोटीपोटात हे विष मोडणारे जिवाणू आहेत. तिथले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिल्यावर त्यांनाही पाला पचू लागला. पुढे त्या जिवाणूच्या नावात जोन्सचं नाव घातलं गेलं. पाला एकच होता, फरक होता पोटातल्या जिवाणूंचा.

याचा अर्थ वनस्पतीतलं काहीच पुढे जात नाही असाही नाही. कांद्याची पात खाल्लेल्या गाईच्या दुधाला वास येतो, हे कुठल्याही दूधवाल्याला विचारा. काही घटक पुढे जातात, काही जात नाहीत, काही बदलून जातात. कोणता घटक कुठे बसतो हे त्या-त्या वनस्पतीसाठी तपासावं लागतं. "आयुर्वेदात सांगितलंय" किंवा "आजी द्यायची" हे तपासायला सुरुवात करण्याचं चांगलं कारण आहे, पण तेवढ्यावर तपासणी झाली असं होत नाही.

मुळ्याचं उदाहरण

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने, म्हणजे एनडीडीबीने, पारंपरिक पशुउपचारांच्या काही कृती प्रसारासाठी घेतल्या आहेत. वार अडकू नये म्हणूनची कृती अशी: व्यायल्यावर दोन तासांच्या आत एक अख्खा पांढरा मुळा खायला द्यायचा. आठ तासांनंतरही वार पडली नाही तर दीड किलो भेंडी, गूळ आणि मीठ लावून. बारा तासांनंतरही नाही पडली तर लोंबणाऱ्या वारेला बुडाशी गाठ मारून त्याखाली कापायचं. आणि हात घालून वार ओढायची नाही.

यातला शेवटचा सल्ला तर सोन्यासारखा आहे. हात घालून वार काढल्याने गर्भाशयाला इजा होते, संसर्ग वाढतो, हे जगभरातल्या पशुवैद्यकशास्त्राने मान्य केलंय. तरी आपल्याकडे "डॉक्टर, आत्ताच काढून द्या" असा आग्रह अजून होतो. तो करू नका. ताप, घाण वास, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर मात्र लगेच डॉक्टर.

पण मुळ्याने वार पडते का? इथे थोडं गणित करू. समजा तुम्ही दहा गाईंना मुळा दिला आणि आठ जणींची वार वेळेत पडली. "ऐंशी टक्के यश!" असं वाटेल. पण मुळा न देताही आठ जणींची पडलीच असती तर? बहुतेक गाईंची वार आपोआपच पडते. मग श्रेय मुळ्याला द्यायचं की गाईला?

हे ओळखायचा एकच मार्ग: मुळा न दिलेल्या गाई शेजारी हव्यात. आणि त्या कोणत्या, हे चिठ्ठी टाकून ठरवायला हवं. नाहीतर आपण अशक्त गाईलाच मुळा देतो, किंवा लाडक्या गाईलाच देतो आणि तुलना बिघडते.

आता आकडा बघा. समजा काही न देता शंभरात वीस गाईंची वार अडकते आणि मुळ्यामुळे ते प्रमाण दहावर येतं. म्हणजे त्रास निम्मा झाला, मोठाच फायदा. हा फरक योगायोग नाही असं नेहमीच्या संख्याशास्त्रीय निकषांनी म्हणायला प्रत्येक गटात साधारण २०० गाई लागतात. दोन्ही गट मिळून ४००. एका गोठ्यात तीन गाई धरल्या तर सव्वाशे-दीडशे गोठे. आमच्याकडे अनेक हर्बल प्रयोगांत एका गटात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच जनावरं असतात. त्यात निम्म्याने कमी झालेला त्रासही दिसणार नाही. आणि नसलेला फायदा योगायोगाने दिसून जाईल.

दुधाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. "मागच्या वेतापेक्षा दोन लिटर दूध वाढलं, पुडीचाच गुण" असं आपण ऐकतो. पण पहिल्या वेतापेक्षा दुसऱ्यात आणि दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात दूध वाढतंच, पुडी असो वा नसो. त्याच गाईची तिच्याशीच मागच्या वर्षाची तुलना केली तर पुडीला फुकटचं श्रेय मिळतं.

मग नीट केलेले प्रयोग काय सांगतात?

१ जानेवारी २००६ पासून युरोपियन युनियनने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी केली. त्यानंतर वनस्पतीजन्य पूरकांकडे जगभरातल्या संशोधकांचं लक्ष वळलं. निकाल मिश्र आहेत आणि मिश्र असणं हीच त्यातली मुख्य बातमी आहे.

आशादायक बाजूचं एक उदाहरण. इटलीतल्या संशोधकांनी २००४ साली यकृतासाठी वापरल्या जाणाऱ्या मिल्क थिसल या वनस्पतीतलं सिलिमारिन गाईंना दिलं. पंधरा गाईंचा एक गट, पंधराचा दुसरा. व्यायच्या दहा दिवस आधीपासून नंतरच्या पंधरा दिवसांपर्यंत रोज १० ग्रॅम. ज्यांना दिलं त्या गाई दुधाच्या शिखरावर एक आठवडा आधी पोचल्या. चांगलं आहे. पण गट लहान होते, आणि दिलेला पदार्थ मोजून काढलेला अर्क होता, वनस्पतीची भुकटी नव्हती.

दुसरी बाजू. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या संशोधकांनी व्यायच्या काळातल्या गाईंवर सुगंधी तेलांचं मिश्रण आणि मोनेन्सिन हे कोटीपोटातल्या जिवाणूंवर काम करणारं औषध शेजारी-शेजारी तपासलं. २०१६ साली निकाल आला. मोनेन्सिनने किटोन कमी झाले. तेलांच्या मिश्रणाने तसा फायदा दिसला नाही. अशा मिश्रणांत थायमॉल असतं, आणि आपल्या ओव्याला जो वास आहे तो मुख्यतः थायमॉलचाच. म्हणून ओवा वाईट ठरत नाही. प्रयोगशाळेतल्या बाटलीत जिवाणूंवर परिणाम करणारा पदार्थ जिवंत गाईच्या किटोसिसवर परिणाम करेलच असं नाही, एवढंच यातून कळतं.

शतावरीवर आपल्या देशात बरेच प्रयोग झालेत. काहींत दूध वाढलेलं दिसतं, काहींत फरक पडत नाही. प्रत्येक ठिकाणी मूळ वेगळं, मात्रा वेगळी, गाई वेगळ्या. त्यातून "इतके ग्रॅम शतावरी, इतके दिवस, एवढा फायदा" असं ठामपणे सांगता येईल असा आकडा निघत नाही. जो दुकानदार असा आकडा छातीठोकपणे सांगतो, त्याला तो कुठून आणला हे जरूर विचारा.

हर्बल म्हणजे निर्धोक?

मुळशीच्या डोंगरावर घाणेरी कितीतरी आहे. तीही वनस्पतीच, आणि ती खाल्लेल्या जनावराचं यकृत खराब होतं. तेव्हा "झाडपाला आहे, अपाय तर नाही ना" हा युक्तिवाद सोडून देऊ.

पण पुडीचा मोठा धोका विषाचा नाही. तो वेळेचा आहे. समजा रात्री गाय व्याली आणि पहाटे बसली. कान गार आहेत, मान कुशीत आहे. तिला शिरेतून कॅल्शियम हवंय, आणि ते डॉक्टरांनी हृदयाचे ठोके बघत सावकाश द्यायचं असतं. वेळेत मिळालं तर बहुतेक गाई काही तासांत उठतात. नाही मिळालं तर त्याच दिवशी मरू शकतात. अशा वेळी पन्नास ग्रॅम भुकटी काय करणार? समजा तिच्यात एक टक्का कॅल्शियम आहे, तरी ते अर्धा ग्रॅम झालं. गरज होती वीस-बावीस ग्रॅमची. शिवाय बसलेल्या गाईला गिळता येत नाही, तोंडातून पाजलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. "आधी पुडी देऊन बघू, दुपारपर्यंत उठली नाही तर डॉक्टर" या एका वाक्यात गाय जाते.

गोठ्यात काय करायचं?

आधी ज्या गोष्टींबद्दल शास्त्राला फारशी शंका नाही त्या. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत लसूणघासाचा मारा करू नका आणि कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते काढणारी शरीराची यंत्रणा सुस्त राहते आणि व्यायल्यावर गरज पडते तेव्हा लवकर जागी होत नाही. लसूणघासात पोटॅशियमही खूप, त्याने अडचण वाढते. या काळासाठीचं वेगळं खनिज मिश्रण असतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. गाय भाकड काळात फार लठ्ठ होऊ देऊ नका, लठ्ठ गाय व्यायल्यावर कमी खाते आणि किटोसिसला लवकर बळी पडते. खुराक हळूहळू वाढवा. बाजरी आणि गूळ द्यायचा तर बेताने. एकदम घमेलंभर दिलात तर कोटीपोट आंबट होऊन गाय उलट खाणं टाकते. गव्हाणीत चारा आणि समोर स्वच्छ पाणी चोवीस तास असू द्या.

एवढं सगळं झाल्यावर पुडीचा विचार. तिला चार प्रश्न विचारा. आत नेमकं काय आणि किती ग्रॅम आहे? हे गाईंवर तपासलंय का, आणि किती गाईंवर? न दिलेल्या गाईंशी तुलना केली होती का? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: ही पुडी मी कशासोबत देतोय की कशाऐवजी देतोय? चांगल्या आहारासोबत मूठभर मेथी किंवा एक मुळा दिला तर बिघडत नाही. पण तिच्या पैशात खनिज मिश्रण राहून गेलं, किंवा तिच्या भरवशावर डॉक्टरांना फोन करायला उशीर झाला, तर ती पुडी फार महाग पडली.

आता तुमच्याकडे एक मागणं. वर जो ४०० गाईंचा आकडा सांगितला, तो एका प्रयोगशाळेला जड जातो, पण दूध संकलन केंद्रांना जड नाही. केंद्रावर वहीत पाच रकाने आखा: व्यायची तारीख आणि वेळ, कितवं वेत, वार किती तासांनी पडली, गाय बसली का, काय-काय दिलं. ज्यांनी काहीच दिलं नाही त्यांचीही नोंद तेवढ्याच काळजीने करा, कारण तुलना त्यांच्यामुळेच होते. नुसत्या नोंदींवरून मुळ्याचा किंवा शतावरीचा निकाल लागणार नाही, त्यासाठी चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोगच लागेल. पण आपल्या भागात शंभरातल्या किती गाईंची वार मुळात अडकते, हे तरी कळेल. तो आकडा हाती आल्याशिवाय पुढचा कोणताही प्रयोग नीट आखता येत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी संकलन केंद्र चालवत असेल तर त्यांना हे पाच रकाने नक्की दाखवा. आणि गोठ्याच्या भिंतीवर जवळच्या पशुवैद्यकांचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, गाय व्यायच्या आधीच.